घरच्या राउटरमागील संगणक दुरून कसा चालवावा

शाहूपुरीतील व्यापारी पेठ असो वा लक्ष्मीपुरीतील धान्यबाजार, दुकानाचा सारा हिशेब आज बहुधा एकाच संगणकावर असतो. मालक कामानिमित्त पुण्याला गेला, दिवाणजी आजारी पडले किंवा कर सल्लागाराला विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला रात्री एखादी नोंद तपासायची असली की कोणाला तरी दुकान उघडून त्या संगणकापुढे बसावे लागते. संगणक दुरून चालवण्याची सोय विंडोजच्या काही आवृत्त्यांत मुळातच आहे, हे अनेकांना ठाऊक असते. काही जण ती सुरूही करतात. दुकानातल्या वाय-फायवर लॅपटॉप जोडला की सारे सुरळीत चालते. घरी येऊन तोच प्रयत्न केला की पडद्यावर जोडणी न झाल्याची सूचना येते. दोष संगणकात नसतो. अडसर राउटरमध्ये असतो, आणि अलीकडे बहुतेक ठिकाणी तो राउटरच्याही पलीकडे असतो.

वाड्याचा दिंडी दरवाजा

राउटरचे काम जुन्या वाड्याच्या उदाहरणाने चांगले समजते. वाड्याचा पत्ता एकच, आत बिऱ्हाडे दहा. बाहेरच्या जगाला फक्त वाड्याचा पत्ता ठाऊक. आतल्या एखाद्याने पत्र पाठवले तर दारावरचा माणूस ते वहीत टिपून ठेवतो आणि उत्तर आले की बरोबर त्याच बिऱ्हाडात पोहोचवतो. परंतु कोणी अनोळखी माणूस आपण होऊन दाराशी आला आणि त्याने कोणाकडे जायचे तेही सांगितले नाही, तर त्याला परत फिरावे लागते.

घरातील किंवा दुकानातील प्रत्येक संगणकाला राउटर एक खासगी आयपी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. असे पत्ते १९९६ मध्ये खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवण्यात आले आणि जगातल्या कोट्यवधी घरांत नेमके तेच आकडे वापरले जातात. म्हणून महाजालावर त्यांना अर्थ नाही. राउटर या सर्वांच्या वतीने एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर बोलतो. संकेतस्थळे उघडतात, कारण सुरुवात आतून होते. दुरून संगणक चालवायचा तर सुरुवात बाहेरून होते, आणि ती दारातच थांबते.

यावरचा पारंपरिक उपाय पोर्ट फॉरवर्डिंग हा होय. अमुक क्रमांकाच्या पोर्टवर कोणी आले तर त्याला अमुक संगणकाकडे पाठव, अशी कायमची सूचना राउटरला देऊन ठेवायची. बीएसएनएलने २००५ मध्ये ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा आणली, त्या काळात मोडेमला सर्वसाधारणपणे सार्वजनिक पत्ता मिळत असे. तो बदलता असला तरी खरा असे. त्यामुळे त्या वेळी लिहिली गेलेली मार्गदर्शने पोर्ट फॉरवर्डिंगपाशीच संपतात. आज ती वाचून तंतोतंत तसेच करणाऱ्यांच्या हाती बरेचदा काही लागत नाही.

पत्त्यांचा दुष्काळ

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही अखेरच्या गटावर आला. भारतात महाजालाचा खरा विस्तार झाला तो त्यानंतर. जिओची सेवा सुरू झाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये. उशिरा आलेल्या ग्राहकांना प्रत्येकी एक पत्ता देणे शक्यच नव्हते. म्हणून सेवा कंपन्यांनीही राउटरचीच युक्ती वापरली आणि शेकडो ग्राहक एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवले. तंत्रज्ञ याला सीजी-नॅट म्हणतात. वाड्याच्या भाषेत सांगायचे तर आता सारी पेठच एका वेशीच्या आत आली आहे. आपल्या वाड्याच्या दारावर हवी तेवढी सूचना लावली, तरी वेशीवरचा पहारेकरी आपले ऐकत नाही.

म्हणून कोणतीही खटपट करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. राउटरच्या नियंत्रण पानावर जावे. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो व तो इंग्रजी आकड्यांत टाइप करायचा असतो. तेथे ‘वॅन’ या नावाखाली दिसणारा आयपी पत्ता लिहून घ्यावा. त्यानंतर आपला पत्ता सांगणारे एखादे संकेतस्थळ त्याच संगणकावरून उघडावे. दोन्ही पत्ते सारखे असतील तर पत्ता सार्वजनिक आहे. वेगळे असतील आणि राउटरमधील पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर ग्राहक सीजी-नॅटमागे आहे व पोर्ट फॉरवर्डिंगचा काही उपयोग होणार नाही.

राउटरमधील पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर प्रकार निराळा असतो. केबलवाल्याने फायबरची डबी बसवलेली असते आणि ग्राहकाने बाजारातून आणलेला वाय-फाय राउटर त्याच्यामागे जोडलेला असतो. म्हणजे एकामागे एक दोन दरवाजे. अशा वेळी केबलवाल्याकडून त्याची डबी ‘ब्रिज मोड’मध्ये करून घ्यावी, म्हणजे एक दरवाजा कमी होतो. स्थानिक केबलवाल्याशी बोलून हे काम लवकर होते, हा लहान शहराचा फायदाच म्हणावा लागेल.

सीजी-नॅटमधून सुटण्यासाठी अनेक सेवा कंपन्या जादा शुल्क घेऊन स्थिर पत्ता देतात. दुसरा मार्ग आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा. या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नाही आणि भारत तिच्या वापरात जगात आघाडीवर आहे. तथापि तेथेही राउटरची अग्निभिंत बाहेरून येणाऱ्यांना अडवते, पत्त्याचा पूर्वार्ध मधूनमधून बदलतो आणि दुसऱ्या टोकालाही सहावी आवृत्ती असावी लागते. दुकानदाराने या वाटेने जाऊ नये, हे बरे.

वारणेचा जुना अनुभव

दूरच्या संगणकाला प्रश्न विचारण्याची कल्पना कोल्हापूर जिल्ह्याला नवी नाही. वारणानगर येथील सहकारी समूह, राज्य सरकार आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेजेस’ हा प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात होती. गावातल्या केंद्रावरील संगणकातून शेतकऱ्याला आपल्या उसाचे वजन, तोडणीची पाळी, खताची नोंद कळावी, अशी योजना होती. अपेक्षा मोठ्या होत्या, परंतु प्रत्यक्षात वापर ऊस व कारखान्याच्या ठरावीक माहितीपुरता राहिला आणि गावोगावचे संगणक सांभाळणे जड जाऊ लागले. पुढे बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत वेगळा प्रयोग केला. केंद्रावरचा संगणक काढून तेथे मोबाइल ठेवला. त्यावरून लघुसंदेश पाठवला की कारखान्यातील संगणक उत्तर धाडत असे. २००७ मध्ये या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला. दूरजोडणीत यंत्राच्या सामर्थ्यापेक्षा ते कोण सांभाळणार हा प्रश्न आधी येतो, हे वारणेच्या परिसरात तेव्हाच दिसून आले होते. दुकानातल्या एका संगणकालाही तो प्रश्न चुकत नाही.

संगणकावरील तयारी

विंडोजमधील ‘रिमोट डेस्कटॉप’ ही सोय २००१ साली एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीबरोबर आली. आजही नियम तोच आहे: ज्या संगणकात शिरायचे, त्याची विंडोज ‘प्रो’ किंवा त्यावरची आवृत्ती असावी लागते. लॅपटॉपबरोबर सर्रास मिळणाऱ्या ‘होम’ आवृत्तीतून दुसरा संगणक चालवता येतो, पण होम आवृत्तीचा संगणक अशा रीतीने चालवू देत नाही. सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ विभागात ‘रिमोट डेस्कटॉप’ हा पर्याय सुरू केला की विंडोजची अग्निभिंत आपोआप वाट करून देते.

येथे दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. संगणक उघडण्यासाठी चार आकडी पिनची सवय झालेली असते; दुरून येताना तो पिन चालत नाही, खात्याचा खरा संकेतशब्द द्यावा लागतो. कित्येकांना तो आठवतच नाही, कारण तो एकदा संगणक घेताना दुकानदाराने टाकलेला असतो. दुसरे म्हणजे संकेतशब्दच नसलेल्या खात्यात दुरून प्रवेश मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

त्यानंतर संगणकाचा आतला पत्ता कायम करावा. राउटर पत्ते फिरवून देत असतो, आज १९२.१६८.१.५ असलेला संगणक वीज जाऊन आल्यावर १९२.१६८.१.८ होऊ शकतो. राउटरच्या पानावर ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा तत्सम नावाखाली त्या संगणकाला एक पत्ता राखून ठेवता येतो. मग त्याच वाय-फायवरील दुसऱ्या यंत्रातून जोडणी करून पाहावी. आतून जमत नसेल तर बाहेरून जमण्याचा प्रश्नच नाही. बाहेरची चाचणी घेताना मात्र मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा वापरावा. घरातच बसून आपल्याच सार्वजनिक पत्त्यावर जाण्याचा प्रयत्न अनेक राउटर हाणून पाडतात आणि सारे ठीक असूनही बिघाड असल्याचा भास होतो.

आणखी एक गोष्ट दुकानांच्या दृष्टीने महत्त्वाची. रिमोट डेस्कटॉपने कोणी शिरले की दुकानातील पडद्याला कुलूप लागते. मालकाने पुण्यातून हिशेब उघडला, तर गल्ल्यावर बिल करणाऱ्या नोकराचे काम थांबते. विंडोज प्रो एका वेळी एकालाच काम करू देते. यावर तोडगा म्हणून विंडोजच्या फायलीत फेरफार करून अनेकांना एकदम बसवण्याची क्लृप्ती काही दुरुस्तीवाले विकतात. ती परवान्याच्या अटींचा भंग आहेच, शिवाय पुढच्या अद्ययावतीकरणात ती कोसळते. दोघांना एकाच वेळी एकच पडदा पाहायचा असेल तर एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क यांसारखी साधने सोयीची. केवळ हिशेब पाहायचा असेल तर सारा संगणक उघडा करण्याची गरजच नाही. टॅलीने आपली स्वतःची दूरप्रवेशाची सोय ईआरपी ९ पासून दिलेली आहे.

३३८९ क्रमांकाचे दार

आता धोक्याविषयी. रिमोट डेस्कटॉप ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. हा पोर्ट राउटरमधून थेट बाहेर उघडला तर जोडणी होते, आणि नेमके तेच करू नये. महाजालावरील सारे सार्वजनिक पत्ते धुंडाळत फिरणारी स्वयंचलित यंत्रणा अहोरात्र चालू असते. कोल्हापुरातल्या एका दुकानाकडे कोण कशाला लक्ष देईल, हा समज येथे फसवा ठरतो. त्या यंत्रणेला दुकान दिसत नाही, फक्त उघडे दार दिसते. मग संकेतशब्दांची यादी घेऊन ती एकेक करून पाहते. प्रवेश मिळाला की सर्व फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. खंडणीखोरांच्या प्रवेशाच्या ठळक वाटांमध्ये उघडा रिमोट डेस्कटॉप अनेक वर्षे गणला जात आहे.

संकेतशब्द कितीही पक्का असला तरी भागत नाही, हे मे २०१९ मध्ये उघड झाले. ‘ब्लूकीप’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटीमुळे विंडोज ७ व त्याआधीच्या काही आवृत्त्यांत संकेतशब्दाशिवायच शिरता येत होते. मायक्रोसॉफ्टला त्या वेळी पाठिंबा केव्हाच संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या छापयंत्रासाठी किंवा हिशेबाच्या जुन्या प्रणालीसाठी अशा आवृत्त्या अजून जपून ठेवलेल्या असतील, तर त्या संगणकांना थेट बाहेर उघडणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे होय. ३३८९ ऐवजी दुसराच क्रमांक द्यावा, असा सल्ला वरचेवर दिला जातो. त्याने गर्दी थोडी कमी होते, संरक्षण मिळत नाही.

सुरक्षित वाट

योग्य मार्ग असा की बाहेरून कोणीही आले तरी रिमोट डेस्कटॉप दिसताच कामा नये. आधी खासगी बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, आत यावे आणि मग संगणकाला हात लावावा. सार्वजनिक पत्ता असणाऱ्यांना राउटरमध्येच व्हीपीएन सुरू करता येते. अलीकडच्या अनेक राउटरमध्ये ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड असते. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. त्यात संकेतशब्द नसतो, प्रत्येक यंत्राची स्वतंत्र किल्ली असते, आणि किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. धुंडाळणाऱ्या यंत्रणेला तेथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. सार्वजनिक पत्ता बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएस सेवा घ्यावी, म्हणजे आकड्यांऐवजी एक नाव लक्षात ठेवले की पुरते.

सीजी-नॅटमागे असलेल्यांसाठी टेलस्केल, झीरोटियर यांसारख्या सेवा आहेत. त्यांची युक्ती साधी पण सुरेख आहे. आतून बाहेर जायला मज्जाव नसतो, याचा त्या फायदा घेतात. दुकानातला संगणक आणि मालकाचा मोबाइल, दोघेही आपापल्या दारातून बाहेर येऊन एका मध्यस्थाला भेटतात. मध्यस्थ दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा सांगतो आणि बहुतेक वेळा त्यांची थेट गाठ घालून देतो. गाठ पडली नाही तर मजकूर मध्यस्थामार्फत जातो, पण तो कुलूपबंद असल्याने मध्यस्थाला वाचता येत नाही. राउटरला हात लावावा लागत नाही. दोन्ही यंत्रांवर प्रणाली बसवून एकाच खात्याने प्रवेश केला की प्रत्येक यंत्राला एक कायमचा पत्ता मिळतो आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये तोच पत्ता द्यायचा. वैयक्तिक वापरासाठी या सेवा मोफत आहेत; व्यवसायासाठी त्यांच्या अटी वाचून घ्याव्यात. टेलस्केलमध्ये यंत्राच्या किल्लीची मुदत नेहमीच्या मांडणीत १८० दिवसांनी संपते. दुकानातील संगणकापुरती ही मुदत बंद करून ठेवावी, नाहीतर सहा महिन्यांनी, मालक परगावी असतानाच नेमकी जोडणी तुटायची. या खात्याला दुहेरी पडताळणी लावणे मात्र अपरिहार्य आहे, कारण आता ते खाते हीच दुकानाची किल्ली.

ज्यांना एवढेही नको त्यांच्यासाठी क्रोम रिमोट डेस्कटॉप पुरेसे आहे. गुगल खाते आणि किमान सहा आकडी पिन एवढ्यावर ते चालते व विंडोजच्या होम आवृत्तीतही चालते. राजारामपुरीत राहणाऱ्या आई-वडिलांचा संगणक पुण्यात वा परदेशात असलेल्या मुलाने नीट करून द्यायचा, एवढाच हेतू असेल तर हे उत्तम.

याच साधनांचा गैरवापर करून फसवणूकही होते. बँकेतून बोलतो असे सांगून मोबाइलवर एनीडेस्क उतरवायला लावायचे, पडद्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारून घ्यायचा आणि खाते रिकामे करायचे, या प्रकाराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. साधन वाईट नाही. अनोळखी माणसाला दिलेला क्रमांक वाईट. असा प्रकार घडलाच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. पैसे पुढे सरकण्यापूर्वी ते गोठवता येतात, म्हणून येथे मिनिटांना किंमत असते.

वीज, पाऊस आणि महापूर

इतके सारे जमल्यावरही दुरून संगणक सापडत नाही, तेव्हा कारण बहुधा अगदी साधे असते. संगणक झोपलेला असतो. विंडोजच्या वीजविषयक मांडणीत ‘स्लीप’ बंद करावे. पडदा विझला तरी चालतो. वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा यासाठी बायोसमध्ये वीजपुरवठा परत आल्यावर काय करायचे, हा पर्याय असतो. तो ‘ऑन’वर ठेवावा. टेबलावरच्या बहुतेक संगणकांत तो सापडतो, लॅपटॉपमध्ये क्वचितच. राउटर आणि फायबरची डबी यूपीएसवर नसेल तर संगणकाला यूपीएस असून फायदा नाही.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत शाहूपुरीसह शहराच्या अनेक सखल भागांत पाणी शिरले, पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्याही वर गेले. दुकानात जाता येत नाही तेव्हा दूरप्रवेशाची सर्वाधिक गरज असते, आणि नेमकी तेव्हाच वीज तोडलेली असते. त्यामुळे महापुराच्या भरवशावर ही सोय करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तिचा उपयोग पाणी येण्याच्या आधीच्या दोन दिवसांत आहे: पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की घरबसल्या हिशेबाची प्रत बाहेर काढून घेता येते. एक प्रत रोज आपोआप दुसऱ्या ठिकाणी जाईल अशी व्यवस्था केलेली असली तर तेवढीही धावपळ नको. तळमजल्यावरील दुकानात संगणकाची पेटी जमिनीवर ठेवू नये, पोटमाळा असल्यास तेथे न्यावी. तारेची लांबी थोडी वाढते इतकेच.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे यंत्र व्हीपीएनच्या यादीतून त्याच दिवशी काढून टाकावे आणि राउटरच्या नियंत्रण पानाचा मूळचा संकेतशब्द अजून तोच असेल तर तो बदलावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कर सल्लागाराला किंवा दुरुस्तीवाल्याला प्रवेश द्यायचा असेल तर कोणत्या कामासाठी व कधीपर्यंत, हे दोन ओळींत लिहून घ्यावे आणि काम झाले की तो प्रवेश बंद करावा.